दयेचा डोंगर

ख्रिस्तसभेच्या इतिहासाची पाने चाळताना आपल्याला पोपमहोदयांची आज्ञापत्रे भेटतात, विश्वपरिषदांचे ठराव भेटतात, हुतात्म्यांचे रक्त आणि संतांची तपश्चर्या भेटते. गरिबाच्या घरातील तांब्याचा हंडा, लग्नातली अंगठी किंवा थंडीतले पांघरूण मात्र त्या पानांवर क्वचितच दिसते. वास्तविक या वस्तूंनाही इतिहास आहे. आजारपण आले, पीक बुडाले, मुलीचे लग्न ठरले की त्या घराबाहेर पडतात, सावकाराच्या कोठारात जाऊन बसतात आणि पुष्कळदा परत येत नाहीत. त्या घरी परत याव्यात म्हणून ख्रिस्ती समाजाने गेल्या साडेपाचशे वर्षांत जे प्रयत्न केले, त्यांचा मागोवा घेण्याचा आमचा येथे मानस आहे.

गरिबांना साह्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम दान येते. ते यायलाच हवे. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र ही दयेची कृत्ये आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहेत. परंतु दान घेताना माणसाची मान खाली जाते; उसने घेऊन फेडताना ती ताठ राहते. गरिबाला भाकरी जितकी हवी असते, तितकीच पतही हवी असते. ही साधी गोष्ट मान्य करण्यासाठी मात्र ख्रिस्तसभेला दीर्घकाळ आपसांत वाद घालावा लागला.

व्याजाचे पाप

जुन्या करारातील निर्गमच्या पुस्तकात गरिबाविषयी एक हृदयस्पर्शी नियम आहे. शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले असेल, तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे. कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्यापाशी दुसरे काही नसते. प्रभू येशूने तर त्याहीपुढे जाऊन परतफेडीची आशा न धरता उसने द्यायला शिकवले. या शिकवणीच्या आधारावर मध्ययुगीन ख्रिस्तसभेने व्याज घेणे हे पाप ठरवले. ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघडपणे सावकारी करणाऱ्यास ख्रिस्तप्रसाद आणि ख्रिस्ती दफन नाकारले.

हेतू पवित्र होता, पण गरज काही कायद्याने थांबत नाही. दुष्काळात बियाणे हवेच असते आणि आजाऱ्याला औषध लागतेच. ख्रिस्ती सावकार निरनिराळ्या युक्त्यांनी व्याज लपवून घेऊ लागले. दुसरीकडे, ज्यू लोकांना बहुतेक ठिकाणी जमीन धारण करण्यास आणि कारागिरांच्या संघांत शिरण्यास मज्जाव असल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांना सावकारी हाच धंदा उरला. इटलीतील नगरे त्यांना करार करून परवाने देत आणि त्यांच्याकडून भरपूर कर वसूल करीत. व्याजाचा दर शेकडा वीस ते तीस, कधी त्याहूनही अधिक असे. त्यातला वाटा नगराच्या तिजोरीत जाई. लोकांचे शिव्याशाप मात्र एकट्या ज्यू सावकाराच्या वाट्याला येत.

पेरूजा नगरातील पेढी

१४६२ साली मध्य इटलीतील पेरूजा या नगरात फ्रान्सिस्कन संन्यासी मिकेले कार्कानो यांच्या प्रवचनांनी लोकमन ढवळून निघाले आणि गरिबांसाठी एक पेढी उभी राहिली. तिला ‘मोन्ते दी पिएता’ म्हणू लागले. ‘मोन्ते’ म्हणजे डोंगर किंवा ढीग. पैशांच्या साठ्यालाही त्या काळी हाच शब्द वापरीत. ‘पिएता’ म्हणजे दया. थोडक्यात, दयेचा डोंगर. लोकांच्या देणग्यांतून, मृत्युपत्रांतून आणि चर्चमधील वर्गणीतून हा डोंगर रचला जाई. एखाद्या नगरात नवी पेढी उघडायची असली की मिरवणूक निघे आणि नागरिक आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसा अर्पण करीत.

या पेढीचा कारभार बारकाईने पाहण्याजोगा आहे. कर्ज फक्त त्या नगरातील व आसपासच्या गरिबांना मिळे आणि त्याच्या रकमेला मर्यादा असे. घेणाऱ्याला वस्तू गहाण ठेवावी लागे. वस्तूच्या किमतीपेक्षा कमी रक्कम हाती पडे. पैसा आपल्याच गरजेसाठी हवा आहे, जुगारासाठी किंवा व्यापारासाठी नव्हे, असे शपथेवर सांगावे लागे. मुदत साधारणपणे वर्षभराची असे. तेवढ्या काळात वस्तू सोडवली नाही, तर तिचा लिलाव होई. मात्र कर्ज वजा जाता उरलेली रक्कम मूळ मालकाला परत मिळे. हिशेब वह्यांत लिहिला जाई आणि नगराने नेमलेली माणसे तो तपासत. सावकाराकडे बुडालेली वस्तू कायमची जाई. येथे लिलावानंतरचा वरकड पैसाही मालकाचाच राही. शेकडा किती व्याज यापेक्षाही हा फरक गरिबाला मोलाचा वाटत असावा, असे आम्हास वाटते.

मठामठांतील वाद

पेढी उभी राहिली आणि लगोलग प्रश्न आला: कारकुनाचा पगार कोणी द्यायचा? कोठाराचे भाडे कोठून आणायचे? कर्ज बिनव्याजी दिले, तर दरवर्षी खर्चापायी डोंगर झिजत जाणार आणि चार वर्षांत तेथे सपाट मैदान होणार. १४३९ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस्कन प्रवचनकार बर्नार्दिनो द फेल्त्रे गावोगाव फिरून अशा पेढ्या उभारीत होते. त्यांनी ठामपणे सांगितले की खर्च भागेल एवढे अल्प व्याज घ्यावेच. तो नफा नव्हे, तर सेवेचा मोबदला होय.

यावर गदारोळ उठला. ऑगस्टिनियन संघातील निकोलो बारियानी यांनी १४९६ मध्ये या पेढ्यांविरुद्ध पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच ‘दयेच्या डोंगरा’ला ‘अधर्माचा डोंगर’ म्हटले. पुढे कार्डिनल झालेले डॉमिनिकन पंडित काजेतान यांनीही १४९८ मध्ये या व्यवहारावर आक्षेप घेणारा प्रबंध लिहिला. हे सारे लोक गरिबांचे वैरी नव्हते. आज ‘खर्चापुरते’ म्हणून जे व्याज आत शिरेल, ते उद्या घरधनी होऊन बसेल, अशी त्यांना भीती होती. ती अगदीच अनाठायी होती, असे आज कोण म्हणेल?

अखेर पाचव्या लॅटरन परिषदेत, ४ मे १५१५ रोजी, पोप लिओ दहावे यांच्या आज्ञापत्राने निकाल दिला. केवळ व्यवस्थेचा खर्च भागवण्यासाठी मुद्दलापेक्षा थोडे अधिक घेणे ही सावकारी नव्हे. मात्र कर्ज पूर्णपणे बिनव्याजी देता आले, तर ते अधिक पवित्र ठरेल, असा त्याचा आशय होता. म्हणजे व्यवहाराला मान्यता मिळाली आणि आदर्शही खाली उतरवला गेला नाही. हा निर्णय येईपर्यंत पेरूजाच्या पेढीला त्रेपन्न वर्षे झाली होती.

डोंगराची सावली

इतिहास लिहिणाऱ्याने आपल्या घरातील कोपराही झाडावा लागतो. या पेढ्यांच्या प्रसारासाठी जी प्रवचने झाली, त्यांपैकी अनेकांत गरिबांविषयीच्या करुणेबरोबर ज्यूंविषयीचा द्वेषही ओतप्रोत भरलेला होता. खुद्द बर्नार्दिनो यांची वाणीही त्यातून मुक्त नव्हती. १४७५ च्या उपवासकाळात त्यांनी त्रेंत नगरात ज्यूंविरुद्ध प्रवचने केली. त्याच वर्षी पुनरुत्थान सणाच्या सुमारास तेथे सिमोन नावाचे लहान मूल मृतावस्थेत सापडले आणि ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याचा बळी दिला, असा धादांत खोटा आरोप झाला. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि निरपराध माणसांना देहान्त शासन झाले. त्या बालकाची हुतात्मा म्हणून भक्ती पुढे शतकानुशतके चालू राहिली. १९६५ साली ख्रिस्तसभेने ती भक्ती रद्द केली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरपत्राद्वारे ज्यूंविरुद्धच्या द्वेषाचा निषेध केला.

पुष्कळ नगरांत दयेचा डोंगर उभा राहताच ज्यूंचे परवाने रद्द झाले, कोठे कोठे त्यांना हद्दपारही व्हावे लागले. एका गरिबाचे पांघरूण परत मिळाले आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले. आपल्या माणसाला वर काढण्यासाठी परक्या माणसाला खाली ढकलावे लागते, असे ज्या दयेला वाटते, ती दया अपुरी आहे.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलेली व्यवस्था निराळी होती. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लिओनोर यांच्या पुढाकाराने ‘मिझेरिकॉर्दिया’ हा बंधुसंघ स्थापन झाला. सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक अशी दयेची चौदा कृत्ये हाच त्याचा कार्यक्रम होता. रुग्णसेवा, कैद्यांना अन्न, बेवारस मृतांचे दफन, अनाथ मुलींचे विवाह अशी कामे तो संघ करी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आणि वसईसारख्या ठाण्यांतही आला. हे कार्य मोठे होते, पण त्याचा कणा राजसत्तेचा होता. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातील ते वैभव लयाला गेले. मागे राहिला तो शेतकरी, बागायतदार आणि कोळी समाज. आपली श्रद्धा आणि आपले कष्ट यांच्या बळावर जगणारा.

सह्याद्रीच्या पलीकडे, दख्खनच्या पठारावर, शेतकऱ्याचे दुखणे १८७५ साली एकदम उफाळून आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता. सरकारने शेतसारा मात्र वाढवला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ते कागद हाती लागले की जाळून टाकायचे. येथेही सावकार बहुतांशी बाहेरून आलेले होते आणि राग त्यांच्यावर निघाला. ज्या व्यवस्थेने शेतकऱ्याला सावकाराच्या दारी पाठवले, ती मात्र नामानिराळी राहिली. पेरूजाच्या वेळची गोष्ट चारशे वर्षांनी पुन्हा घडली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. खत जाळल्याने जुने कर्ज कदाचित जाते, पण पुढच्या पेरणीला बियाणे कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

दानाकडून पतीकडे

या प्रश्नाचे उत्तर युरोपात दोन वाटांनी शोधले जात होते. पहिली वाट पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी दाखवली. १८३३ साली वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझनाम याने काही सोबत्यांसह संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची स्थापना केली. गरिबांमध्ये आयुष्य वेचणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी या तरुणांना वस्त्यांची वाट दाखवली. गरिबाला आपल्या दारात बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे, हा त्यांचा दंडक. आपल्या धर्मग्रामांतील सोसायटीचे सभासद आजही हीच प्रथा पाळतात. ओझनाम यांना १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी धन्य घोषित केले.

दुसरी वाट जर्मनीतील एका प्रॉटेस्टंट ग्रामाधिकाऱ्याची आहे आणि ती सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो. कारण परमेश्वराची दया पंथांच्या कुंपणात अडकून राहत नाही. फ्रेडरिक विल्हेल्म राइफायझेन हे वायरबुश येथे कारभारी असताना १८४६-४७ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्यांनी सुखवस्तू लोकांकडून पैसा जमवला, धान्य आणले, सामायिक भट्टीत पाव भाजले आणि ते गरिबांना स्वस्तात, उधारीवर दिले. पुढे फ्लामर्सफेल्ड येथे १८४९ मध्ये त्यांनी गरीब शेतकऱ्यांना हप्त्यांवर गुरे मिळवून देणारी संस्था काढली. हेडेसडोर्फ येथे १८५४ मध्ये धर्मादाय मंडळ काढले. तोवर सारे श्रीमंतांच्या औदार्यावर चालले होते. औदार्याचा उत्साह मात्र काही वर्षांनी मावळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १८६४ मध्ये त्यांनी त्याच हेडेसडोर्फमध्ये नवी पतसंस्था उभारली. तीत कर्ज घेणारा स्वतःच सभासद असे.

तिचे नियम साधे होते. संस्थेचे क्षेत्र लहान असावे, शक्यतो एका धर्मग्रामाएवढे, म्हणजे सारे एकमेकांना ओळखतील. एकाच्या कर्जाची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यावी. कर्ज कशासाठी हवे, ते सांगावे आणि त्यासाठीच वापरावे. पदाधिकाऱ्यांनी मोबदला घेऊ नये. नफा वाटून न खाता तो सामायिक गंगाजळीत टाकावा. येथे हंडा किंवा अंगठी गहाण ठेवण्याची गरज उरली नाही. माणसाचा शब्द आणि शेजाऱ्याची जामिनकी हेच तारण झाले.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपले ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगारांच्या दैन्याबरोबरच नव्या रूपात वावरणाऱ्या हावऱ्या सावकारीवरही त्यांनी त्यात बोट ठेवले. त्यानंतर अनेक देशांतील धर्मगुरूंनी पतपेढीचा विचार आपलासा केला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात आल्फोन्स देजार्दें या श्रद्धावंत कॅथोलिक गृहस्थाने १९०० साली लेव्ही गावी लोकपेढी स्थापन केली. धर्मग्रामाच्या आधारे वाढलेल्या त्या पेढीत जमा झालेली पहिली रक्कम होती अवघी दहा सेंट.

रांचीपासून वसईपर्यंत

हिंदुस्थानात मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ आणि १८९७ मध्ये सादर केलेल्या अहवालांत राइफायझेनचा मार्ग सुचवला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. या कायद्याचे मोल ज्यांनी लवकर ओळखले, त्यांत येशूसंघीय धर्मगुरू जॉन बॅप्टिस्ट हॉफमन हे अग्रगण्य होत. मूळचे जर्मन असलेले फादर हॉफमन छोटा नागपूरच्या मुंडा आदिवासींमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले आणि तिचा ज्ञानकोश रचण्यासाठी झिजले. आदिवासींची जमीन जमीनदार व सावकार यांच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्यामागे त्यांचाही अभ्यास होता. पण कायद्याने राखलेली जमीन कर्जापायी पुन्हा जाणार असेल, तर उपयोग काय? म्हणून १९०९ मध्ये त्यांनी रांची येथे कॅथोलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. सावकाराच्या वहीत अंगठा उमटवणारा आदिवासी तेथे सभासद झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मन म्हणून फादर हॉफमन यांना हा देश सोडावा लागला. संस्था मात्र टिकून राहिली. गरिबांनी ती आपली मानली होती, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथोलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला गेला. वसईची केळी, पानवेली आणि भाजीपाला यांची बागायत भांडवलावाचून होत नाही. मांडव घालायला, खत आणायला, मजुरी द्यायला आधी पैसा लागतो. माल बाजारात जातो तो नंतर. मधल्या महिन्यांत शेतकरी सावकाराच्या हाती सापडतो. त्या मधल्या महिन्यांसाठीच पतसंस्था असते. पुढे या संस्थेची बँक झाली आणि तिने शंभरी ओलांडली. आपल्या आजोबा-पणजोबांनी घेतलेली ती झेप होती. पेरूजाचा डोंगर असा पाचेक शतकांचा प्रवास करून आपल्या वाडीपर्यंत आला.

इतिहासाची विचारणा

हा इतिहास केवळ अभिमानासाठी सांगावा, असे आम्हास वाटत नाही. इटलीतील सिएना नगरात १४७२ साली अशीच एक दयेची पेढी निघाली होती. आज ती जगातील सर्वात जुनी चालू बँक म्हणून ओळखली जाते. नावातील ‘मोन्ते’ हा शब्द अजून आहे; गरिबाच्या गहाण पांघरुणासाठी मात्र तिथे आता कोणी जात नाही. २०१७ साली ती बुडू नये म्हणून इटालियन सरकारलाच पैसा ओतावा लागला. संस्था मोठी होणे वाईट नव्हे; पण पतपेढीची बँक होते, बँकेची इमारत होते आणि त्या इमारतीची पायरी चढायला गरिबाचे पाऊल कचरू लागते, असे घडू शकते. काजेतान यांच्या मनातली शंका अशा वेळी आठवावी.

दरम्यान, सावकारही बदलला आहे. तो आता ओसरीवर चोपडी घेऊन बसत नाही. तो भिशीच्या नावाने येतो, सोन्यावर तत्काळ पैसे देणाऱ्या दुकानाच्या रूपाने येतो, मोबाईलवर एका बोटाने कर्ज देतो आणि हप्ता चुकला की नातलगांना फोन करून इज्जत वेशीवर टांगतो. धर्मग्रामात काम करताना आम्हास एक गोष्ट वारंवार दिसते. पॅरिशच्या गरीब निधीतून मदत घ्या, म्हटले की मानी कुटुंबे मागे सरतात. ‘फादर, दान नको, फेडीन म्हणतो,’ असे सांगणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांना जो कागद हवा आहे, तो लिहायला आपल्यापैकी कोण पुढे येणार?

साडेपाचशे वर्षांच्या या वाटचालीतून आम्हास तीन कसोट्या हाती लागतात. पहिली ओझनाम यांची: आपण गरिबाच्या घरी गेलो आहोत काय? दुसरी पेरूजाच्या वहीची: पै-पैचा हिशेब उघड्यावर आहे काय आणि वरकड रक्कम गरिबालाच परत मिळते काय? तिसरी त्रेंतच्या निरपराध मृतांची: आपली मदत कोणाच्या द्वेषावर तर उभी नाही ना? आपल्या वाडीत आदिवासी आहेत, पोटासाठी परप्रांतातून आलेले मजूर आहेत, निराळ्या धर्माचे शेजारी आहेत. दयेचा डोंगर फक्त आपल्याच कुंपणात रचला, तर त्याची सावली दुसऱ्याच्या अंगणात पडते.

डोंगर कोणा एका धनिकाने उभा केलेला नाही. मिरवणुकीत चालणाऱ्या सामान्य माणसांनी नाण्यावर नाणे टाकून तो रचला. प्रत्येक धर्मग्रामात पंचवीस-तीस कुटुंबांनी मनावर घेतले, विश्वासू माणसांच्या हाती वही दिली आणि दर महिन्याला थोडे थोडे बाजूला ठेवले, तर गरजूला शाळेच्या फीसाठी, औषधपाण्यासाठी किंवा पेरणीसाठी बिनव्याजी उसने देण्याइतका साठा सहज उभा राहील. बिनव्याजी कर्ज अधिक पवित्र, असे १५१५ च्या आज्ञापत्रानेच म्हटले होते. कर्ज फेडून झाल्यावर त्याच माणसाने त्याच वहीत देणारा म्हणून आपले नाव लिहावे. तसे झाले, तर घेणारा आणि देणारा यांतली ओळ पुसली जाईल आणि गहाण पडलेली पत सन्मानाने घरी परत येईल.